उभ्यानं खायची पार्टी

“उभ्यानं खायचं? का? घरातल्या खुर्च्यांना काय काटे फुटलेत?”

“अगं ताई, पार्टीत उभ्यानंच खातात. बशी हातात घ्यायची, इकडून तिकडं फिरायचं, याच्याशी दोन शब्द बोलायचे, त्याच्याशी दोन शब्द बोलायचे.”

“एका हातात बशी, दुसऱ्या हातात पेला. मग खायचं कशानं? नाकानं?”

“पेला कुठंतरी टेकवायचा.”

“कुठं? मागच्या वाफ्यातल्या वांग्यावर?”

पार्ट्यांतलं धाकट्या बहिणीला सगळं कळत होतं, पण तिनं पाहिलेल्या पार्ट्यांत वांगी नव्हती. एका बड्या घरात तिनं बरीच वर्षं पोरं सांभाळली होती. तिथल्या बागेतल्या पार्ट्या तिनं स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून बघितल्या होत्या, आणि फटीतून जे बघितलं ते माणूस समोर बसून बघितलेल्यापेक्षा जास्त ठासून सांगतं.

“आणि जेवायला काय?” थोरलीनं, म्हणजे मावशीनं, विचारलं.

“जेवण नसतंच. थोडं थोडं चाखायचं. काकडी, ब्रेड, तळलेला बटाटा, सरबत, चहा. झालं.”

“म्हणजे लोकांना घरी बोलवायचं, ताटकळत उभं करायचं आणि अर्धपोटी परत धाडायचं. अगं, मी त्यांना मस्का मारायला बोलावतेय का भांडण उकरून काढायला?”

“तुला टेबल ठेवायचंय ना? मग मी सांगते तसं कर.”

टेबलाचं नाव निघालं की मावशीचं तोंड बंद व्हायचं. तसं ते झालं.

ही मावशी म्हणजे इस्त्रीवाली. तिला सख्खी भाचरं दोन-चारच, पण अख्खी वसाहत तिला मावशी म्हणायची. वसाहतीच्या फाटकात शिरताना डाव्या हाताला अंजिराचं जुनं झाड होतं, त्याच्या सावलीत तिचं टेबल. टेबलावर जुन्या घोंगडीची घडी, घोंगडीवर चादर, आणि चादरीवर कोळशाची पितळी इस्त्री. मूळ टेबल नवऱ्याचं. नवरा गेला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मावशीनं ती इस्त्री उचलली. पहिले काही दिवस कपडे जळले, शिव्या बसल्या, मग हात बसला. आता इस्त्री गालाजवळ नेली की तिचा ताव कापडाला पुरे का नाही ते तिला कळायचं. या टेबलावर तिनं दोन पोरी वाढवल्या आणि उजवल्या. रडायला तिला फारसा वेळ मिळाला नाही, आणि मिळाला तेव्हा रडण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

कामाची तिची एक पद्धत होती. कुणाचा शर्ट कुणाच्या गाठोड्यात जाऊ नये म्हणून तिनं प्रत्येक घराला धाग्याचा एक रंग देऊन टाकला होता. नवा कपडा आला की कॉलरीच्या आत, नाहीतर शिवणीच्या कोपऱ्यात, त्या रंगाचा एक टाका. लाल धागा औषधवाल्याचा. निळा दुहेरी धागा बँकेतल्या बाईंचा. नाव-गाव-पत्ता सगळं त्या टाक्यात. त्यामुळं झालं काय, की मावशीला माणसं कपड्यांवरून कळायची, तोंडावरून नाही. गाठोडं आलं की तिची नजर गाठोड्यावर. आणणारा माणूस गोरा होता का काळा, तिला विचाराल तर सांगता यायचं नाही. पण त्याच्या शर्टाचं तिसरं बटण ढिलं आहे आणि तो खिशात शेंगदाणे ठेवतो, हे ती झोपेतसुद्धा सांगेल. रस्त्यात कुणी “काय मावशी?” म्हटलं तर ती आधी अंगावरचे कपडे बघायची, मग ओळखीचं हसायची. ओळखीचे कपडे नसले तर नुसतंच हसायची.

आणि अशात एका सकाळी फाटकावरचा पहारेकरी तिच्यापुढं येऊन उभा राहिला. कान खाजवत म्हणाला, “मावशी, नवे अध्यक्ष म्हणालेत, महिनाअखेरीला टेबल उठवायचं.”

“का?”

“ते नाही सांगितलं.”

“तू विचारलं नाहीस?”

“मी विचारायला लागलो तर मलाच उठवतील.”

नवा अध्यक्ष म्हणजे कोपऱ्यावरच्या पिवळ्या बंगल्यातला. घर पोपटी धाग्याचं. कपडे आणून द्यायला त्यांची भांडीवाली यायची, न्यायलाही तीच. मावशीनं त्या माणसाचे शर्ट पोत्यानं घडी घातले असतील, पण माणूस कधी बघितला नव्हता. आता त्याच्यापुढं जाऊन उभं राहायचं म्हणजे कुणापुढं, हेच तिला कळेना. औषधवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, “गाडीबिडी लावायची असेल जागा करून.” बँकेतल्या बाईंना विचारलं तर त्यांनी नुसतं “अरेरे” केलं आणि गाठोडं उचललं. त्या अरेरेचा अर्थ मावशी दिवसभर लावत बसली. एका चादरीवर तिनं तीनदा इस्त्री फिरवली.

शेवटी युक्ती काढली धाकटीनं. “त्याला घरी बोलव. पोटात चार घास गेले की माणूस मऊ होतो. पण एकट्यालाच बोलावलंस तर डोळ्यांत येईल. सगळ्यांनाच बोलव. त्यात तोही आपसूक येईल. बाग आहे ना तुझ्याकडं?”

बाग होती. वसाहतीच्या मागच्या गल्लीत मावशीच्या दोन खोल्या, आणि खोल्यांच्या मागं जमिनीची एक पट्टी. रुंदीला कमी, लांबीला बक्कळ, जणू कुणी जमिनीचा पंचा वाळत घातलाय. तिला बाग म्हणायची हिंमत धाकटीचीच. तिथं वांगी होती, टोमॅटो होते, पुदिना होता, कुंपणावर भोपळ्याचा वेल होता, आणि मधून एक पायवाट होती. पायवाट एका माणसाची. दुसरा माणूस समोरून आला तर एकाला टोमॅटोत उतरावं लागायचं.

मावशी गाठोडी परत देताना आमंत्रण देऊ लागली. “रविवारी संध्याकाळी बागेत या.”

“काय आहे?”

“पार्टी आहे.”

“कशाची?”

इथं ती अडायची. टेबलाची म्हणावं तर सगळं उघड होतं. कशाचीच नाही म्हणावं तर लोक येडी समजतील. मग ती म्हणायची, “अशीच.” पार्टी अशीच असते यावर कुणाचा विश्वास बसेना. ज्यानं त्यानं आपापल्या परीनं ताडलं. कुणाला वाटलं मुलीकडं काही गोड बातमी असेल, कुणाला वाटलं घर विकतेय.

रविवारी ती उजाडताच कामाला लागली. धाकटी सांगत होती आणि ती करत होती. उसन्या बश्या आल्या. शेजारणीकडून बल्बांची माळ आली. ती कुंपणावर टाकली तर भोपळ्याच्या पानांत निम्मी हरवली. मग खाटेवरच्या फळ्या काढून त्यांचं एक लांबडं टेबल केलं आणि त्यावर जुनी चादर घातली. चादर मावशीनं इस्त्री करून आणली. मग तिला हात पुसायची फडकी दिसली, तीही इस्त्री केली. पोतेरं इस्त्री करायला घेतलं तेव्हा धाकटीनं ते हिसकावून घेतलं.

“ताई, ते पायाखाली जाणार आहे!”

“असू दे. सुरकुत्या दिसल्या की माझं डोकं चालत नाही.”

“तुझं डोकं तसंही आज चालत नाहीये. साखर कुठं ठेवलीस?”

साखर कुठं ठेवली ते मावशीला आठवेना. ती सापडली मिठाच्या बरणीशेजारी, आणि मीठ सापडलं सरबतात. सरबत दुसऱ्यांदा केलं. त्यात ऐन वेळी स्टोव्ह बसला. चहा बागेतच, पाहुण्यांसमोर उकळायचा हा धाकटीचा हट्ट, आणि स्टोव्ह फुर्र फुर्र करून मान टाकतोय. मावशीनं शेजारणीकरवी स्टोव्हवाल्याला निरोप धाडला आणि बागेच्या मागच्या फाटकाकडं डोळे लावून बटाटे सोलत बसली.

ऊन कलायला लागलं तेव्हा फाटक वाजलं. चुरगळलेला, कोपरापर्यंत बाह्या मागं सारलेला शर्ट, ढगळ पँट. असा एक माणूस आत डोकावला.

“आलास का बाबा एकदाचा!” मावशी उठली. “दुपारपासून वाट बघतेय.”

तो कडीवर हात ठेवून थबकला. “मी जरा लवकरच आलो. म्हटलं माणसं जमायच्या आधी बोलून घ्यावं.”

“बोलणं काय पळून जातंय? आधी हा पेटव.” आणि तिनं स्टोव्ह त्याच्या हातात दिला.

हातात स्टोव्ह आला की माणसाचं काही चालत नाही. शर्टाला तेल लागू नये म्हणून तो लांब धरावा लागतो, लांब धरला की जड लागतो, जड लागला की खाली ठेवावा लागतो, आणि खाली ठेवला की त्याच्यापुढं उकिडवं बसावं लागतं. तसा तो बसला.

“पिन आहे का?” त्यानं विचारलं.

“स्टोव्हवाला तू आणि पिन मी द्यायची? काय दिवस आलेत!” तरी तिनं धाग्यांच्या डब्यातली पिन काढून दिली. त्यानं ती तोटीत खुपसली, वाकवली, परत खुपसली. मावशी बघत राहिली. एवढा अडाणी स्टोव्हवाला तिनं जन्मात पाहिला नव्हता.

तो घाम पुसत म्हणाला, “मावशी, ते तुमच्या टेबलाचं…”

“तुझ्यापर्यंत पण गेलं का? आता काय बाजारभर झालं असेल.” ती परत बटाट्यांकडं वळली आणि तोंड सुटलं. “तो पिवळ्या बंगल्यातला, नवा अध्यक्ष झालाय, त्याला शिंगं फुटलीत. अरे, ज्याच्या चड्डीलासुद्धा इस्त्री लागते, तो माणूस दुसऱ्याचं पोट काय बघणार? चड्ड्या! बटणाला बटण लावून, चौकोनी घडी करून. शर्टांचे खिसे बघितले तर शेंगदाण्याच्या फोलांनी भरलेले. खिसे झाडून झाडून माझा दम जातो, आणि मलाच म्हणतो, ऊठ.”

माणूस खोकला. “का ऊठ म्हणतात, ते काही कळलं?”

“कळायला काय हवंय? फाटकाजवळची जागा माणूस कशासाठी रिकामी करतो? गाडी लावायला. तिथं काय तो भुईमूग लावणार आहे?”

“गाडीसाठी असं त्यानं सांगितलं का?”

“त्यानं कशाला सांगायला हवं? औषधवाल्यानं सांगितलं. तू पंप मार, पंप.”

त्यानं पंप मारला. स्टोव्हनं एकदम एवढा मोठा भपका टाकला की दोघंही मागं सरकली. ज्वाळ खाली बसली तेव्हा त्याच्या नाकावर आणि एका भुवईवर काजळी होती, पण स्टोव्ह मात्र निळ्या जाळावर आला होता. मावशी खूष झाली.

“जमलं की! आता इथंच बस. विझला तर परत कुठं शोधू तुला? चहा-खाणं देते.”

“मी तुमच्याशी…”

“देते म्हटलं ना!” आणि ती गेली, कारण पुढच्या दारात माणसं आली होती.

माणसं आली, आणि पायवाटेवर एकामागं एक उभी राहिली. दुसरीकडं उभं राहायला जागाच नव्हती. हातात बश्या घेऊन सगळी पार्टी तिकीट खिडकीपुढं लागल्यासारखी रांगेत उभी. कुणाला चौथ्या माणसाशी बोलायचं तर मधल्या दोघांना मान वाकवावी लागत होती. बटाट्याची परात पुढच्या टोकाकडून निघाली ती मागच्या टोकाला पोचेपर्यंत रिकामी. मागची माणसं पुढं सरकू लागली, पुढची सरबतासाठी मागं, आणि मधे कुणाचा तरी पाय टोमॅटोत गेला. मावशीनं धाकटीकडं बघितलं. धाकटी म्हणाली, “बघ, फिरतायत.”

बँकेतल्या बाई आल्या त्या एक मोठा खोका घेऊन. मावशीच्या हातात देऊन त्यांनी डोळे टिपले. “इतकी वर्षं आमचे कपडे सांभाळलेत. आठवण म्हणून घ्या.” आत भिंतीवरचं घड्याळ होतं.

मावशीनं घड्याळ उलटंपालटं करून बघितलं. निरोपाची भेट. म्हणजे ठरलंच की काय? म्हणजे ज्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याचा निकाल लागूनच माणसं जेवायला आली? “बाई, मी कुठं जात नाहीये,” ती म्हणाली.

“हो का?” बाई गोंधळल्या. “मग ही पार्टी कशाची?”

“अशीच.”

बाईंनी घड्याळाकडं बघितलं. परत मागावं का नाही असा विचार त्यांच्या तोंडावर येऊन गेला.

आता मावशीला अध्यक्ष शोधणं भाग होतं, तेही लगेच. ओळखायची तिची एकच रीत. बरं, पार्टी रांगेत पाठमोरी उभी होती, तेवढं एक बरं झालं होतं. हातात सरबताचं तबक घेऊन ती रांगेच्या मागून निघाली. एकेकाच्या मानेशी वाकायची, कॉलरीत डोकवायची आणि पुढं सरकायची. लाल, निळा, पिवळा. औषधवाल्यानं दचकून मान चोळली. त्याच्या बायकोनं धाकटीला हळूच विचारलं, “मावशी वास कसला घेतायत?”

रांगेच्या मधोमध एका दांडग्या माणसाच्या कॉलरीत पोपटी टाका होता. आकाशी शर्ट, मावशीच्याच हातची कडक कॉलर. मावशीनं पूर्ण तबक त्याच्यापुढं केलं.

“साहेब, सरबत.”

तो माणूस इकडंतिकडं बघून म्हणाला, “मला?”

“तुम्हालाच साहेब. अजून एक घ्या. माझ्या टेबलाचं तेवढं बघा. नवऱ्याच्या मागं त्याच टेबलानं मला तारलंय. आता या वयात कुठं जाऊ मी?”

त्यानं एक पेला संपवला, दुसरा उचलला, छाती पुढं काढली. “बघतो मी.”

“बघतो म्हणजे?”

“होऊन जाईल. काळजी करू नका.”

मावशी तशीच धाकटीकडं धावली. “झालं! राहिलं टेबल! हो म्हणाला!” दोघी बहिणींनी एकमेकींचे हात दाबले. मग मावशीच्या लक्षात आलं की एक म्हातारा रांगेत उभा न राहता वेलाखाली पालथ्या बादलीवर बसलाय आणि त्याला कुणी काही दिलेलं नाही. ती बशी घेऊन गेली. सवयीनं वाकून बघितलं. कॉलरीत पोपटी टाका.

तिनं डोळे चोळले. परत बघितलं. पोपटीच.

“साहेब,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही पण पिवळ्या बंगल्यातले?”

“मग काय निळ्या?” म्हातारा म्हणाला.

“मग माझ्या टेबलाचं…”

“टेबलाचं मला काय विचारता? झाडाचं विचारा. यंदा अंजिरं बघितलीत? फाटकाकडची सगळी बाजू वाळून गेली. एक फळ धरलं नाही.” आणि तो काकडी खायला लागला.

मावशीनं एकदा आकाशी शर्टाकडं बघितलं, एकदा बादलीकडं. एक साहेब म्हणतो होऊन जाईल, दुसरा म्हणतो अंजिरं बघा. यातला खरा कोणता? धागा तिनं घराला दिला होता, माणसाला नाही. आजवर तसं कुणी विचारलंच नव्हतं. गाठोडं घरी पोचलं की पुढं कुणी कोणता शर्ट घालायचा हे त्या घराचं बघणं.

“एका घरात दोन अध्यक्ष असतात का गं?” तिनं धाकटीला विचारलं.

“बड्या घरात काहीही असतं,” धाकटी म्हणाली.

तेवढ्यात मागचं फाटक परत वाजलं. खांद्याला पिशवी, हातात पाना घेतलेला एक माणूस आत आला. “उशीर झाला मावशी. कुठंय स्टोव्ह?”

“तू कोण?”

“म्हणजे काय? स्टोव्हवाला.”

“मग तो कोण?”

सगळी रांग मागं वळून बघायला लागली. स्टोव्हपुढं तो माणूस उकिडवा बसला होता, डाव्या हातानं पंप मारत होता आणि उजव्या हातानं काकडी-ब्रेड खात होता. औषधवाला पुढून ओरडला, “अहो अध्यक्ष! तुम्ही इथं काय करताय? आणि नाकाला काय लावलंय?”

मावशीनं आधी आकाशी शर्टाकडं बघितलं. तो दांडगा माणूस टोमॅटोत उतरून पसार व्हायच्या बेतात होता.

“हा आमचा ड्रायव्हर,” काजळी लागलेला माणूस म्हणाला. “माझे सैल झालेले शर्ट यालाच जातात. ते माझे वडील. शर्ट माझा घातलाय त्यांनी, त्यांना तोच आवडतो. अध्यक्ष मी.”

मावशीनं त्याच्या कॉलरीत डोकावून बघितलं. “मग तुमच्या शर्टाला धागा का नाही?”

“हा मी रविवारी घालतो. याला इस्त्री करत नाही.”

ड्रायव्हर टोमॅटोतूनच म्हणाला, “मावशी, रागावू नका. मला आजवर कुणी साहेब म्हटलं नव्हतं. म्हटलं, एक संध्याकाळ होऊन जाऊ दे.”

मावशीला आपण मघाशी बटाटे सोलताना काय काय बोललो ते एकेक करून आठवायला लागलं. चड्ड्या आठवल्या. बटणाला बटण आठवलं. शिंगं आठवली. पण टेबलाची तड लागली नव्हती, आणि आता लाजून आत गेलं तर ती कधीच लागायची नव्हती. ती पदरानं हात पुसत त्याच्यापुढं जाऊन बसली.

“साहेब, मी काय बोलले ते बोलले. ते मागं घेता येत नाही. टेबलाचं सांगा.”

“चड्ड्या वडिलांच्या,” तो म्हणाला.

“बरं.”

“शेंगदाणे माझे.”

“बरं. टेबलाचं सांगा.”

“गाडीचा काही संबंध नाही. मला गाडी लावायला दारात जागा आहे.” त्यानं बोटानं नाक पुसलं, काजळी गालावर गेली. “झाड जळतंय. तुम्ही रोज संध्याकाळी इस्त्रीतले निखारे बुंध्याशी ओतता.”

मावशी उसळली. “निखारे नाही, राख! राखेनं कधी झाड मेलंय? ही वांगी बघा, भोपळा बघा. सगळा माझ्या राखेवर पोसलाय.”

“इथं आणता तेव्हा ती गार झालेली असते. तिथं ओतता तेव्हा ती गरम असते. मी फाटकातून आत येताना रोज बघतो. ओतता, वर लोटीभर पाणी मारता आणि निघून जाता.”

पाणी मारल्यावर चर्र आवाज व्हायचा, वाफ उठायची. तो आवाज मावशीच्या कानात होता. इतकी वर्षं तो ऐकला की तिला वाटायचं, चला, दिवस संपला. झाडाला त्या वेळी काय वाटत असेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला अंजिराचं वाईट वाटलं असं नाही. राग आला. आधी स्वतःचा, मग पहारेकऱ्याचा, मग धाकटीचा, आणि सगळ्यात जास्त औषधवाल्याचा.

“मग हे सांगितलं का नाही तुम्ही?”

“आज तेच सांगायला लवकर आलो होतो. तुम्ही स्टोव्ह दिलात.”

“आणि महिनाभर तोंड बांधलं होतं का?”

रांगेत कुणीतरी हसलं. अध्यक्ष खाली बघून म्हणाला, “ते चुकलं. पहारेकऱ्याला नुसतं टेबल उठवा म्हणालो. पण झाडाखाली कोळसा नको, हे काही मी बदलणार नाही.”

“मग झाडाखाली नको. फाटकाच्या उजव्या हाताला लावते.”

“तिथं सावलीचा ठिपका नाही. भिंत तापते.”

“ऊन माझं मी बघते. राख मी घरी आणते. टेबल फाटकाजवळ राहू दे. गाठोडी तिथंच येतात, मागच्या गल्लीत कुणी पाऊल टाकत नाही. आज आलेत ते फुकटचं खायला आलेत.”

“मावशी!” औषधवाला म्हणाला.

“तुम्ही बोलूच नका. गाडी म्हणे!”

अध्यक्षानं स्टोव्हकडं बघितलं. चहा उतू जायला लागला होता. त्यानं हवेची चावी सैल करून जाळ कमी केला. यावेळी त्याला ते नीट जमलं. “उजवी बाजू,” तो म्हणाला. “ठीक आहे. लावा.”

“उद्यापासून?”

“उद्यापासून.”

“आणि परत कुणी काही बोललं तर?”

“मी अध्यक्ष आहे तोवर नाही बोलणार.”

“आणि नंतर?”

“नंतरचा अध्यक्ष आला की त्याला पार्टी द्या.”

म्हाताऱ्याला हे फार आवडलं. तो बादलीवर बसल्या बसल्या हसत सुटला. स्टोव्हवाल्यानं काम नाही म्हणून बटाटे मागितले. बटाटे संपले होते. बँकेतल्या बाई म्हणाल्या, मग घड्याळ राहू दे तुमच्याकडं, आणि ते मनापासून आहे का नाही हे कुणाला कळलं नाही. पार्टी परत रांगेत लागली आणि चहा घेऊन आपापल्या घरी गेली. जाताना लोकांनी विचारलंच, “पण मावशी, पार्टी नक्की कशाची होती?” मावशी म्हणाली, “टेबल उजवीकडं नेण्याची.” लोक बरं म्हणाले. काही जण तर फार छान म्हणाले.

सगळे गेल्यावर ती टोमॅटो उभे करत राहिली. जिंकलो का हरलो, हे तिला काही ठरवता येईना. टेबल राहिलं हे खरं. सावली गेली हेही खरं. धाकटी बश्या धूत म्हणाली, “बघ, मी म्हटलं होतं ना? पार्टीनं काम होतं.” मावशीला तिच्या डोक्यात बशी घालावीशी वाटली, पण बश्या उसन्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आणि पहारेकऱ्यानं टेबल उचलून फाटकाच्या उजव्या हाताला नेलं. भिंतीतल्या दोन खिळ्यांना तिनं जुनी चादर ताणून बांधली. चादरीखाली हातभर सावली पडली, तीही टेबलावर, मावशीवर नाही. इस्त्रीत कोळसे घातले, फुंकर मारली. आणि गंमत सुरू झाली. पाण्याच्या वाटीकडं हात गेला की तो भिंतीवर आपटायचा. झालेला कपडा ठेवायला वळलं की पाठीमागं काहीच नाही, कपडे समोर. उजेड उलट्या बाजूनं यायचा, त्यामुळं सुरकुत्या भलत्याच ठिकाणी दिसायच्या. एक बाही तिनं दोनदा केली आणि दुसरी राहूनच गेली.

माणसंही तशीच. भांडीवाली पिवळ्या बंगल्याचं गाठोडं घेऊन आली, सरळ अंजिराखाली गेली, रिकाम्या जागेपुढं उभी राहिली आणि घाबरून फाटकाकडं बघायला लागली.

“इकडं गं, इकडं!” मावशी ओरडली. “डोळे फुटले का?”

“तुम्ही तिकडं कशा?”

“मोठी गोष्ट आहे. ठेव इथं.”

तिनं गाठोडं सोडलं. वरच चौकोनी चड्ड्या होत्या. त्या बाजूला ठेवल्या, एक शर्ट झटकला, खिशातली फोलं काढून मातीत टाकली. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरायला लागला होता. तो तिनं दंडानं पुसला, शर्टावर पाणी शिंपडलं, इस्त्री उचलून गालाजवळ धरली. उन्हानं गाल आधीच इतका तापला होता की ताव इस्त्रीचा का उन्हाचा तेच कळेना. मग तिनं बोटाला थुंकी लावून इस्त्रीच्या बुडाला टेकवली. चर्र झालं. तिनं कॉलर पालथी घातली आणि काठापासून सुरुवात केली.